मुलींसाठी लस, आयांसाठी तपासणी

खोकला झाला तर आपण चारचौघांत सांगतो. अंगावरून लाल-पांढरे जाते, हे मात्र बाई सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. दुखणे असह्य झाल्यावर दवाखाना गाठला जातो, तोपर्यंत गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळदा पसरलेला असतो.

या कर्करोगाचे मूळ ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूत आहे हे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखविले. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. एवढे ऐकताच माणसे माना खाली घालतात, म्हणून पुढचे नीट समजून घेऊ या. तो इतका सर्रास आढळतो की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना केव्हा तरी त्याची लागण होते. लक्षण काहीच दिसत नाही. बहुतेकांचे शरीर त्याला दोनेक वर्षांत हुसकावून लावते. ज्या थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडतो, त्यांना पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

लस ९ ते १४ या वयात, विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी द्यावयाची. झालेली लागण ती बरी करीत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली.

लशीची भीती आहे, आणि तिला कारणही आहे. २००९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात एचपीव्हीची लस मुलींना देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. काही मुली दगावल्या आणि २०१० मध्ये तो कार्यक्रम थांबविण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. परंतु अनेक संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या! आमच्या मते खरा दोष हा. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना तो अधिक बोचेल. विचारलेच नाही, तर विश्वास कसा बसावा?

आता आयांविषयी. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आणि नंतरच्या उपचाराने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीत गर्भाशयमुखाचा नुसता नमुना घेतात, कापाकापी नसते. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर ती करावयाची असते, कारण विषाणूचे सर्वच प्रकार लशीने आवरत नाहीत.