वाजवीत नाही, पण वाजवून घेतो

मुरगूडच्या वरातीत बँड निघतो. मास्तरांनी हात केला, की सारे एकदम वाजवू लागतात.

परदेशात वाजवणाऱ्यांचे फार मोठे ताफे असतात. एका ताफ्यात शंभर-शंभर माणसे! त्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात. पुढे एकजण छोटी काठी घेऊन उभा असतो. तो संचालक. तो स्वतः काहीच वाजवीत नाही. मग करतो काय? कोणी केव्हा वाजवायचे, हळू की जोरात, हे तो खुणेने सांगतो.

आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता असे संचालक झाले. वडील व्हायोलिन वाजवीत. झुबिन डॉक्टर व्हायला निघाले होते, पण मन रमेना. १९५४ साली ते शिकायला व्हिएन्नाला गेले. तिथे ते ताफ्यात उभे राहून मोठे तंतुवाद्य वाजवीत. संगीतालाही अक्षरे असतात बरं का! साऱ्या वाद्यांचे सूर लिहिलेली वही संचालकाला वाचावी लागते. तीही विद्या ते शिकले. १९५८ साली लिव्हरपूलच्या स्पर्धेत पहिले आले. १९७८ ते १९९१ त्यांनी न्यूयॉर्कचा मोठा ताफा सांभाळला.

चारचौघांना सांगायचे, तर आधी चारचौघांत बसून शिकावे लागते.