डॅशकॅम बसवताय? आधी करंटचा हिशोब करा

डॅशकॅम फिटिंगचं काम सुरू करणाऱ्यांना सगळ्यात महागात पडणारी चूक आज बघू.

कॅमेऱ्याला ५ व्होल्ट लागतात, कारची बॅटरी १२ व्होल्टची. म्हणून मध्ये कन्व्हर्टर येतो. समजा कॅमेरा १ अँपिअर घेतो, म्हणजे ५ वॅट. कन्व्हर्टरमधली घट धरली तर बॅटरीतून जातो साधारण अर्धा अँपिअर. किरकोळ वाटतं ना? पण २४ तासांत होतात १२ एएच, आणि छोट्या कारची बॅटरी असते ३५ एएचची! ग्राहक शुक्रवारी गाडी लावून गावाला गेला, तर सोमवारी सेल्फ लागणार नाही. फोन मात्र तुम्हालाच येणार.

मग करायचं काय?

१. पार्किंग रेकॉर्डिंग नको असेल, तर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरूनच सप्लाय घ्या. किल्ली काढल्यावर टेस्टरचा दिवा विझला पाहिजे.

२. हवं असेल, तर लो-व्होल्टेज कट-ऑफ असलेलं हार्डवायर किट लावा. बॅटरी ठरावीक व्होल्टेजला उतरली की ते कॅमेरा बंद करतं. बॅटरी जुनी असेल तर कट-ऑफ थोडा वरचा ठेवा.

३. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका. वायर कापण्याऐवजी फ्यूज टॅप वापरा. खांबात एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्या.

काम हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: "साहेब, गाडी सलग किती दिवस उभी असते?" या एका प्रश्नाने तुमची फुकटची चक्कर वाचते आणि ग्राहकही टिकतो.