कवळीतील पुढच्या दातांचे माप
सर्व दात पडलेल्या वृद्धास कवळी बसविताना पुढच्या दातांचे माप चुकले, तर ओळखीचा चेहराही परका भासतो. हे माप चेहऱ्यावरूनच घेतले जाते. गालांच्या हाडांमधील रुंदीचा सुमारे सोळावा हिस्सा ही वरच्या मधल्या दाताची रुंदी धरतात; १३६ मि.मी. रुंदीस साडेआठ मि.मी. नाकपुड्यांच्या कडांवरून सोडलेल्या उभ्या रेषा सुळ्यांची जागा, तर हसताना वर जाणारा ओठ दातांची लांबी सुचवितो. ही प्रमाणे माणसागणिक बदलतात. म्हणून दात असतानाचे छायाचित्र फार उपयोगी पडते.

कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव येथे दंत महाविद्यालय आहे. तेथे वा अन्यत्र जाणाऱ्या वृद्धांनी असे छायाचित्र न्यावे व मेणावर मांडलेले दात आरशात पाहूनच संमती द्यावी. कवळी पक्की झाल्यावर बदल करणे कठीण, हे ग्रामपंचायत सदस्यांनी त्यांना समजावून सांगावे.