ढाक : एका डावाचा अभ्यास



गेल्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत आमच्या पटांगणावर जी गोष्ट घडली ती तुमच्यापैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिली आहे, आणि पालकांच्या कानी ती तिखटमीठ लावून पोहोचलीच असेल. आठवीतील दोन स्नेही, कसलेही भांडण नसता, एकमेकांशी झोंबू लागले. एकाने दुसऱ्याच्या मानेभोवती हात टाकला, तो गर्रकन वळला आणि त्याने सोबत्यास पाठीवरून भिरकावून दिले. पडणाऱ्याने आधारासाठी हात ताठ पुढे केला, आणि त्याच्या हासळीचे हाड मोडले. फेकणारा त्याच्याहून अधिक रडत होता. "मास्तर, मला वाटलं तो उठंल," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणे. ज्या खेळात पडलेला गडी नेहमी उठतो तो खेळ मैदानावरचा नसून फोनच्या काचेवरचा होता, हे आम्हांस मागाहून उमगले.

शिक्षा काय ती झाली. परंतु शिक्षेने मुलाचे कुतूहल भागत नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही भागले नव्हते. म्हणून एके सायंकाळी आम्ही त्याच्या शेजारी बसून तो खेळ पाहिला. 'स्ट्रीट फायटर' हे त्याचे नाव. त्याच्या १९९१ साली निघालेल्या दुसऱ्या भागात झांगीफ नावाचा एक धिप्पाड रशियन पहिलवान प्रथम आला, तो आजही त्यात आहे. त्याचा प्रसिद्ध डाव असा की, दिशेची काठी एक पूर्ण वर्तुळ फिरवून लगेच ठोशाची कळ दाबावयाची. म्हणजे झांगीफ समोरच्याला कवेत घेऊन उंच उडतो, गरगर फिरतो आणि त्याला डोक्यावर आपटतो. आम्ही हसलो. तेव्हा मुलगा गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, ते इतकं सोपं न्हाई. जवळ जावं लागतं. तो उडी मारला तर पकड रिकामी जाते, आणि मग आपणच मार खातो." त्याच्या बोलण्यात तथ्य होते. अंतर, वेळ आणि चुकीची किंमत या तीन गोष्टी त्या खेळातही आहेत. ज्याने हे इतके नीट पाहिले त्या मुलास खऱ्या डावाचे शास्त्र दाखविले पाहिजे असे आम्हांस वाटले, आणि त्यास घेऊन आम्ही कळंब्याच्या वाटेवरील एका तालमीत गेलो.

कळंबा म्हटले की सर्वांना तलाव आठवतो. गारगोटी रस्त्याने फिरावयास जाणाऱ्या मंडळींना पहाटे तलावावरील वारा लागतो, त्याच वेळी तालमीतील पोरे हौद्यातील तांबडी माती खोऱ्याने उलथीत असतात. ही माती म्हणजे शेतातली ढेकळे नव्हेत. तीत तेल, ताक, लिंबू, हळद असे नाना पदार्थ मुरवितात, म्हणून ती लोण्यासारखी मऊ राहते. हौद्याच्या कडेला वस्ताद बसले होते. आम्ही पटांगणावरचा प्रकार सांगितला, मुलाने हात फिरवून दाखविला. वस्ताद म्हणाले, "ही तर ढाक हाय. पर कच्ची. ह्यानं हातानं मारली. ढाक हातानं मारायची न्हवं मास्तर, कंबरंनं मारायची. हात निस्ता धरायला."

या एका वाक्यात सारा धडा आहे. आता तो सविस्तर पाहू.

कुस्तीची सुरुवात खडाखडीने होते. दोन्ही मल्ल उभे राहून हातांनी एकमेकांची मान, मनगट, दंड चाचपीत असतात. पाहणाऱ्यास वाटते की अजून काही घडतच नाही. वस्तुतः दोघेही समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे याचा शोध घेत असतात. ढाक लावणारा उजवा हात प्रतिस्पर्ध्याच्या मानेभोवती टाकतो व डाव्या हाताने त्याचा उजवा दंड कोपराच्या वर पकडून आपल्या काखेशी घट्ट ओढून घेतो. नंतर आपले उजवे पाऊल त्याच्या उजव्या पावलापुढे आडवे टाकतो, डावे पाऊल मागून फिरवून आणतो आणि गुडघे वाकवून वळतो. यावेळी त्याची पाठ प्रतिस्पर्ध्याच्या छातीला लागते व त्याचे ढुंगण प्रतिस्पर्ध्याच्या कमरेखाली आडवे शिरते. मग गुडघे ताठ करणे, दंड पुढे ओढणे आणि मान डावीकडे वळविणे या तीन क्रिया एकाच क्षणी झाल्या की प्रतिस्पर्धी कमरेवरून उलटून पाठीवर येतो. मान व दंड अद्याप पकडीतच असल्यामुळे वरच्याने छातीवर भार दिला की दोन्ही खांदे मातीला टेकतात. हीच चितपट.

नववीच्या विद्यार्थ्यांनी येथे तरफेचा धडा आठवावा. कंबर हा टेकू होय. टेकू प्रतिस्पर्ध्याच्या भारमध्याच्या खाली गेला तर दीडपट वजनाचा गडीही उलटतो. टेकू वर राहिला तर तोच गडी पाठीवर ओझ्यासारखा बसतो व लावणाऱ्याचा कणा मोडावयाची वेळ येते. आमच्या मुलाने गुडघे वाकविलेच नव्हते. केवळ हातांच्या बळावर त्याने सोबत्यास ओढले, त्यामुळे सोबती कमरेवरून न उलटता बाजूने घसरून खांद्यावर पडला.

ढाक केव्हा लावावी हा प्रश्न कशी लावावी याहून कठीण आहे. समोरचा पुढे रेटत असेल तेव्हाच ती लागते, कारण त्याच्या रेट्यातले बळ आपल्या कामी येते. तो मागे झुकून उभा असेल तर ढाकेचा विचारही करू नये. तेथे आतली टांग घालून त्यास मागच्या मागे पाडणे किंवा वाकून एकेरी पट काढणे, म्हणजे त्याचा एक पाय ओढून घेणे, हे बरे. चतुर मल्ल याचा उलटा उपयोग करतो. तो ढाकेचा नुसता भास करतो. प्रतिस्पर्धी घाबरून मागे बसतो, आणि मागे बसला की त्याचा पाय पटासाठी मोकळा मिळतो. डावाला डाव जोडणे ते हेच. आमच्या विद्यार्थ्याने सांगितले की त्याच्या खेळातही असे जोड असतात, आणि त्यांचा सराव तो तासन् तास करतो. भूमितीचे प्रमेयही तो असेच घटवील तर आम्ही धन्य होऊ. असो.

प्रत्येक डावाला तोड असते. ढाकेची तोड सोपी व निर्दय आहे. समोरच्याने वळावयास आरंभ केला की आपण गुडघे वाकवून खाली बसावे, त्याच्या कमरेस मागून मिठी मारावी, आणि पकड ढिली होताच मान काढून घ्यावी. ढाक लावणाऱ्याने आपली पाठ आपल्या हाताने दिलेली असते. पाठ मिळाल्यावर त्याला उचलून पाडणे किंवा खाली घेऊन घिश्श्यासारख्या डावाने चित करणे हे मागच्याच्या हाती राहते. म्हणून अर्धवट ढाक लावण्यापेक्षा न लावणे बरे, असे वस्ताद म्हणतात. धोबीपछाडीतही हाच धोका आहे. तेथे मानेऐवजी दोन्ही हातांनी प्रतिस्पर्ध्याचा एकच हात धरून त्यास खांद्यावरून, धोबी कपडा आपटतो तसे, आणावयाचे असते. कलाजंगात मात्र पाठ द्यावी लागत नाही, कारण मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या काखेखालून शिरून एक हात त्याच्या मांड्यांमधून घालतो व त्यास दोन्ही खांद्यांवर आडवा उचलतो.

या ढाकेचे नाव आमच्या भागात ज्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले ते खाशाबा जाधव होत. कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात शिकले. शरीराने ते मुळीच अवाढव्य नव्हते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सर्वांत हलक्या, ५२ किलोच्या, गटात उतरले होते. अशा लहान चणीच्या मल्लास ढाक का साधावी हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. ज्याची कंबर मुळातच खाली, त्याचा टेकू आपोआप खाली जातो. चापल्य तेवढे हवे, आणि ते त्यांच्यापाशी विपुल होते.

लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तेथे खाशाबांपुढे मोठी अडचण उभी राहिली ती गादीची. मातीत पाऊल किंचित रुतते. गादीवर बुटाचा तळ चिकटतो, आणि ज्या गिरकीवर ढाक अवलंबून तिचा वेगच निराळा होतो. शिवाय आपल्याकडे चितपट झाल्यावाचून कुस्ती सुटत नसे, तेथे गुणांवर निकाल लागे. अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना तेथील पद्धतीची तालीम दिली, आणि खाशाबा सहावे आले. पुढील चार वर्षे त्यांनी मेहनत केली ती या नव्या पद्धतीला जुना डाव बसविण्याची.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैशाची पुन्हा वानवा पडली. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून ही गोष्ट लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. आपल्या विद्यार्थ्यासाठी आम्ही काय गहाण टाकले असते हा प्रश्न मनात येतोच. हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांस त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची झुंज फार लांबली व ते हरले; त्यानंतर विश्रांतीचा नियम असूनही त्यांना लगोलग सोव्हिएत मल्लाशी लढावयास उभे केले, आणि हरकत घ्यावयास तेथे आपला एकही अधिकारी नव्हता, असे सांगतात. इशीस सुवर्ण, सोव्हिएत मल्लास रौप्य आणि खाशाबांस कांस्य मिळाले. स्वतंत्र भारतातील व्यक्तीने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. पुढे ते पोलीस खात्यात दाखल झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

आता पुन्हा त्या मोडलेल्या हाडाकडे वळू. कारण पालकांचा खरा प्रश्न तोच आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ढाकेसारखी उभ्याने केलेली फेक थेट पाठीवर उतरली तर चार गुण मिळतात, आणि फार उंचावरून आली तर पाच. इतकी तिची किंमत आहे, तरीही तिच्याभोवती कुंपण घातलेले आहे. दोन्ही हातांनी केवळ मान आवळण्यास मनाई आहे; मानेबरोबर प्रतिस्पर्ध्याचा एक हातही पकडीत असावा लागतो. यामागील कारण शरीररचनेत आहे. नुसती मान धरली तर वळताना सारा पीळ मानेच्या मणक्यांवर व श्वासनलिकेवर येतो. दंड धरला म्हणजे तो पीळ खांद्याकडे व छातीकडे वाटला जातो, आणि पडणारा पाठीवर सरळ उतरतो. आमच्या मुलाने नुसती मान धरली होती. त्याच्या सोबत्याचे हाडच मोडले, मान वाचली, हे ऐकून वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरी बाजू पडणाऱ्याची. पडताना हात ताठ टेकणे हा माणसाचा उपजत स्वभाव आहे, आणि तोच घातक. सारा धक्का तळहातापासून कोपरातून खांद्यात चढतो व हासळीचे हाड, जे बोटाएवढे बारीक आहे, ते मोडते. तालमीत म्हणूनच आधी पडावयास शिकवितात. हनुवटी छातीला लावावी, हात आखडून घ्यावा, पाठ गोल करावी. नवख्या पोराला वस्ताद दिवसेंदिवस नुसते पाडतात. त्यात कसलाही डाव नसतो व कुणी टाळ्याही वाजवीत नाही. फोनवरील खेळात पडावयाची कळ नाही, एवढाच आमचा त्यावर आक्षेप आहे. बाकी तो खेळ आम्हांस वाटला होता तितका निर्बुद्ध नाही.

पालकांपैकी काहींनी आम्हांस विचारले की, मग मुलास तालमीत घालावे काय? प्रकृती धड असेल, वैद्याची हरकत नसेल आणि वस्ताद डोळ्यांत तेल घालून उभा राहणारा असेल, तर अवश्य घालावे. मुलींच्या पालकांनीही हे वाचावे. स्त्रियांची कुस्ती २००४ सालापासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि आमच्या जिल्ह्यातील मुली आता मैदाने मारतात. परंतु शाळेच्या फरसबंद पटांगणावर, मातीवाचून आणि वस्तादावाचून, कोणताही डाव करावयाचा नाही. या बाबतीत आम्ही कुणाचीही गय करणार नाही.

ज्याचे हाड मोडले तो मुलगा दिवाळीनंतर बरा झाला. त्याच्या आईने प्रथम आम्हांस बरेच बोल लावले, ते रास्तच होते. पुढे तीच एके दिवशी शाळेत आली व म्हणाली, "मास्तर, दोघंबी तालमीत जातो म्हणत्यात. पाठवू का?" आम्ही त्यांच्यासोबत वस्तादांकडे गेलो. आता दोघे पहाटे पाचला सायकलवरून कळंब्याच्या वाटेला लागतात, माती उलथतात, जोर-बैठका मारतात आणि आळीपाळीने एकमेकांस हौद्यात पाडतात. ढाक अद्याप त्यांना शिकविलेली नाही.