वाल्दोक्कोची शाळा : एका मुलापासून शेकडोंपर्यंत



३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. त्यांच्या नावाच्या शाळा आपल्या ओळखीच्या आहेत. माटुंग्याच्या शाळेत तर मुंबईकरांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. ह्या सर्व शाळांचे मूळ इटलीतील तुरीन शहरात, वाल्दोक्को येथे आहे. ती मूळ शाळा कशी वाढली, हे आज आपण पाहू या.

८ डिसेंबर १८४१. पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. तुरीनच्या एका चर्चमध्ये डॉन बॉस्को मिस्साची तयारी करीत होते. ('डॉन' म्हणजे आपण धर्मगुरूंना 'फादर' म्हणतो तसे.) सॅक्रिस्टीत एक मुलगा आला. त्याला मिस्साची सेवा करता येत नाही हे कळताच चर्चच्या सेवकाने त्याला मारून हुसकावले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतले. बार्थोलोम्यू गॅरेल्ली त्याचे नाव. वय १६, आईवडील नाहीत, काम गवंड्याचे, अक्षरओळख नाही. मिस्सा झाल्यावर डॉन बॉस्कोंनी 'नमो मरिया' म्हटली आणि त्याला पहिला धडा दिला. ना इमारत, ना फळा. एक गुरू आणि एक शिष्य.

त्या काळी खेड्यापाड्यांतून कामासाठी आलेली मुले तुरीनच्या रस्त्यांवर भटकत. अशी मुले दर रविवारी वाढत गेली. त्यांच्या गोंगाटाला कंटाळून लोक जागा सोडायला लावीत. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थान रविवारी, वाल्दोक्कोला पिनार्दी नावाच्या गृहस्थाची शेड त्यांना मिळाली. छप्पर इतके खाली होते की जमीन खोदून उंची वाढवावी लागली. तेथे रात्रशाळा भरू लागली. १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला. डॉन बॉस्कोंच्या आईने, मार्गारेटने, त्याला जेवू घातले आणि निजायला जागा दिली. तेच वसतिगृहाची सुरुवात ठरले.

कारखानदार मुलांना मारीत, हलकी कामे सांगत. म्हणून डॉन बॉस्को मालकाशी लेखी करार करू लागले. १८५२ चा असा एक करार प्रसिद्ध आहे. मुलाला धंदा नीट शिकवावा, चूक झाल्यास मारू नये, सुटी द्यावी, अशा त्यातील अटी. १८५३ पासून वाल्दोक्कोतच चांभारकाम आणि शिवणकाम सुरू झाले. पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई. १८५५ पासून शालेय वर्गही तेथेच भरू लागले. १८५९ मध्ये सलेशियन संस्था स्थापन झाली आणि १९०६ मध्ये तिचे मिशनरी भारतात तंजावरला आले.

मात्र ह्या कथेत एक दुःखाचे पान आहे. १८८४ मध्ये रोमहून डॉन बॉस्कोंनी वाल्दोक्कोला एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपले स्वप्न सांगितले. पूर्वीच्या पटांगणात धर्मगुरू आणि मुले एकत्र खेळत होती. आताच्या पटांगणात मुले कोपऱ्यात उदास उभी, आणि गुरुजन आपापसांत बोलत होते. शाळा मोठी झाली होती, पण जवळीक कमी झाली होती. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे, हे त्या पत्राचे सार.

हे पत्र मलाही बोचते. धर्मशिक्षणाच्या वर्गात किती मुले आली, हे मी आधी विचारतो. त्यांची नावे मागाहून. आपण पालकही फी भरतो, क्लास लावतो, आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. पण दहावीत नापास झालेला आपल्या शेजारचा मुलगा कुठे कामाला लागला, त्याचा मालक कसा आहे, हे आपल्याला ठाऊक असते का? तो मिस्साला का येत नाही, हे कोणी विचारले का?

वाल्दोक्को दहा हजार मुलांच्या योजनेने उभी राहिली नाही. हाकललेल्या एका मुलाला कोणीतरी परत बोलावले, म्हणून ती उभी राहिली.

मननासाठी
१. मागच्या रविवारी चर्चच्या आवारात मी किती मुलांशी नावाने बोललो?
२. ह्या आठवड्यात परत बोलवावा असा एक मुलगा कोण?

प्रभू येशूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू