मासे, पालेभाजी आणि पागोळ्यांचे पाणी

माशांच्या टाकीतील पाणी भाजीच्या वाफ्यांतून फिरवून पुन्हा टाकीत सोडण्याची जी पद्धत हल्ली ॲक्वापोनिक्स या नावाने प्रचारात आली आहे, तिच्याविषयी चौकशी करणारे बहुतेक लोक माशांचे वाण, रोपांची वाढ आणि पंपाची ताकद यांचाच तपशील विचारतात. गाळणीचा विषय निघतो तो मासे मरू लागल्यावर. मिरजोळ्याच्या कातळावर तिलापिया आणि पालक एकत्र वाढवताना जे पाहिले, त्यावरून निश्चयाने सांगतो की, आमच्या कोकणात या उद्योगाचा घात घाणीपेक्षाही पावसाच्या मृदू पाण्याने होतो.

सामान पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने छपराच्या पागोळ्या थेट टाकीत घेण्याची तजवीज केली होती, आणि याहून शुद्ध पाणी मिळणे नाही, अशी ग्वाहीही दिली होती. आषाढभर पाणी नितळ दिसत होते. श्रावणात मासे वर येऊन धापा टाकू लागले, आणि मेलेल्यांचे कल्ले तांबड्याऐवजी तपकिरी निघाले. तपासता पाण्याची आम्लता वाढलेली आढळली, आणि नायट्राइटही साचलेले होते, जे रक्तात शिरले म्हणजे पाण्यात प्राणवायू मुबलक असूनही मासा गुदमरतो.

याचे कारण असे की, माशांच्या कल्ल्यांतून सुटणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे रोपांना मानवणारे नायट्रेट करणारे जे जीवाणू गाळणीतील खडीवर वस्ती करतात, ते प्रत्येक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे ७ ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्ची घालतात. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी आधीच क्षारतेच्या बाबतीत दरिद्री. त्यात पागोळ्यांची भर पडली की ही शिल्लक संपते, सामू घसरतो आणि जीवाणूंचे काम मंदावते.

म्हणून नवशिक्यांनी पुढील खबरदारी घ्यावी. पागोळ्यांचे पाणी वेगळ्या हौदात साठवावे आणि बेताबेतानेच मिसळावे. धुतलेल्या शिंपल्यांची जाळीदार पिशवी प्रवाहात ठेवावी. आम्लता वाढली की शिंपले आपोआप विरघळून क्षारता भरून काढतात. पावसाळ्यात सामू दररोज तपासून नोंदवहीत लिहावा आणि तो साडेसहाच्या खाली जाऊ देऊ नये. विष्ठा व उरलेले खाद्य खडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तळाशी बसावे, यासाठी अलीकडे एक निवळण-टाकी अवश्य असावी, कारण खडीवर गाळ कुजला की जीवाणूंच्या वाट्याचा प्राणवायू तोच खाऊन टाकतो; टाकीतला हा गाळ माडांच्या आळ्यात घालावा. खडी धुणे भाग पडल्यास टाकीतलेच पाणी वापरावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन ही वस्ती उद्ध्वस्त करते, आणि ती पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नायट्राइटवर मीठ हा माशांपुरता उतारा असला, तरी जास्त झाल्यास भाजी करपते, याचेही भान राहावे. वादळवाऱ्यात वीज जाणे आमच्याकडे नित्याचेच, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप प्रथमपासूनच बाळगावा. शंका आल्यास शिरगावचे मत्स्य महाविद्यालय येथून दूर नाही.

गाळणी जेवढे पचवील तेवढेच खाद्य टाकावे, आणि तेवढ्या खाद्यावर जे पोसतील तेवढेच मासे पाळावेत.