श्रेयांक संपल्यावरची पीएचडी

नोकरी, घर आणि लोकल सांभाळून मी डोंबिवलीतून इतिहासात पीएचडी केली. विषय होता ठाणे-कल्याणची जुनी सार्वजनिक वाचनालये. आता कॉलेजातली तरुण मंडळी स्टाफरूममध्ये गाठून विचारतात, "मॅडम, नाव तर नोंदवलं, पुढे काय?" त्यांना तुकड्यातुकड्यानं सांगत आले ते इथे ओळीनं.

१. कोर्सवर्कवर खूश होऊ नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार त्याचे किमान १२ आणि कमाल १६ श्रेयांक असतात. संशोधन-नीतीचा पेपर त्यातच येतो, आणि ५५ टक्के मिळाले की पुढचा रस्ता मोकळा. वर्ग, हजेरी, परीक्षा हे सगळं शाळेपासून अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे ते जमतं. मग एका सोमवारी कळतं की आता आपली हजेरी घेणारं कुणी नाही. अमेरिकेत शिकणारी माझी भाची दर सत्राला प्रबंधाचेसुद्धा श्रेयांक नोंदवते आणि त्यांची फी भरते, मग त्या सत्रात पान लिहून होवो न होवो. आपल्याकडे प्रबंधाला तसे सत्रागणिक श्रेयांक नाहीत, नुसती मुदत आहे: किमान तीन वर्षं, कमाल सहा.

म्हणून वाटणी आपली आपणच करायची. मी प्रत्येक प्रकरणाचे तुकडे पाडले आणि तुकड्याला तारीख लावली. तुकडा छापून गाईडच्या टेबलावर पडला तरच तो झाला असं धरायचं. 'वाचन झालं' याला शून्य गुण. हा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं, कारण पीएचडीवाले वाचतच बसतात. वाचताना कुणी चूक काढत नाही ना!

२. विषयाला कुंपण घाला. माझ्या डोक्यात आधी 'महाराष्ट्रातील वाचनसंस्कृती' होतं. गाईडनी एवढंच विचारलं, "किती जिल्हे? कुठल्या सालापासून?" मग उत्तर शोधताना कुंपण आपोआप पडलं. आगगाडी ठाण्याला १८५३ साली आली, कल्याणला १८५४ साली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. मी १८६४ ते १९४७ एवढाच काळ घेतला. रेल्वे आली, सरकारी नोकर आणि वकील वाढले, आणि त्यांना संध्याकाळी वर्तमानपत्र हवं झालं, हा धागा दोन गावांत नीट तपासता येतो. अख्ख्या महाराष्ट्रात तो नुसता बोलता येतो.

३. रजा अभिलेखागारासाठी राखा, लिखाणासाठी नको. राज्याचं पुराभिलेखागार फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कलिन्याला. दोन्ही एका दिवशी करायचा मोह टाळा, निम्मा दिवस गाडी-बसमध्येच जातो. अभिलेखागार रविवारी बंद, म्हणून रजा तिथे खर्चायची. लिखाण पहाटे, घर उठायच्या आत. लोकलमध्ये लिहिता येतं यावर माझा विश्वास नाही. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत किंवा उलटं कल्याणला जाऊन जागा मिळाली, तर फोनवर काढलेले कागद वाचून होतात. उभ्यानं तेही नाही.

४. संशोधन सल्लागार समितीला घाबरून सादरीकरण पुढे ढकलू नका. नियमानं दर सत्राला तिच्यासमोर प्रगती मांडायची असते. प्रगती असमाधानकारक वाटली तर समिती कारणं नोंदवते, सुधारणा सुचवते, आणि त्याही झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. हे वाचून मंडळी चकचकीत स्लाइड्स करतात. त्यापेक्षा अडलेली जागा समोर ठेवा. वाचनालयांच्या सभासदांची जात आणि व्यवसाय कुठून शोधू, हा प्रश्न मी समितीतच टाकला. एका सदस्यांनी नगरपालिकेच्या जुन्या मतदार याद्या सुचवल्या, आणि तिसरं प्रकरण त्यावरच उभं राहिलं. सूचना त्याच दिवशी लिहून गाईडना ईमेल करा. पुढच्या सत्रात 'आम्ही हे सांगितलंच नव्हतं' असं कुणी म्हणालं, तर तो ईमेल कामी येतो.

५. बायकांनो, आपली वर्षं मागून घ्या. सहा वर्षांत झालं नाही तर पुनर्नोंदणीनं आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही मेहरबानी नाही, नियम आहे. पण अर्ज मुदत संपायच्या आत गेला पाहिजे. "सर बोलले होते" याला ऑफिसात किंमत नसते.

६. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही देशपातळीवरची सक्ती २०२२मध्ये गेली. तरी एक निबंध लिहाच, प्रकरणाची हाडं तिथे तपासली जातात. प्रबंधाचं इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं. ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ६०च्या वर नोंदणीच जाते. आणि प्रबंध शेवटी शोधगंगेवर चढतो, कुणालाही उघडता येतो. तळटीपा पहिल्या दिवसापासून पुऱ्या लिहा, पान क्रमांकासकट.

७. नोंदणीपत्र, फीच्या पावत्या, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र एका फायलीत, आणि त्याच्या स्कॅन प्रती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर.